शालिकरामभाऊ आणि समुद्राचा किडा

माणूस भित्रा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना हसाल, आणि हसणाऱ्यांचा मला आता राग येतो. मीच सगळ्यात आधी हसले होते, म्हणून जास्त येतो.

शालिकरामभाऊ पारशिवे आमच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. नागपुरातली ही जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा, आणि मी तिथली टेक्निशियन, कामिनी. मेलेलं जनावर आलं की ते फाडायचं काम भाऊंचं, आतलं काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं काम माझं. एकतीस वर्षांत त्यांनी काय काय फाडलं नसेल! फुगलेल्या म्हशी, पुरात वाहून आलेले बैल, एकदा तर बिबट्या. सडक्या वासानं नवीन पोट्टे बाहेर पळायचे आणि हा माणूस आत शांतपणे सुरी पाजळत बसायचा.

त्यांची काम करायची एक रीत होती. कलेजी हातात आली (आमच्याकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख माया मॅडम सोडून सगळे यकृताला कलेजीच म्हणतात) की ते हातमोजे काढून ठेवायचे. मी ओरडायची, "अहो भाऊ, हातमोजे!" तर म्हणायचे, "हातमोजा घातला का बोट आंधळं होते, बाई." मग उघड्या अंगठ्यानं पित्ताच्या नळीवर हळूहळू दाब देत जायचे. नळी कुठे जाड लागते, कुठे खरखरते, ते त्या अंगठ्याला कळायचं. कापलेल्या टोकातून चपटे, पानासारखे किडे एकामागून एक बाहेर यायचे. पुस्तकात त्यांना पर्णकृमी म्हणतात. आमच्याकडच्या म्हशींत ते रोजचेच, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

मागच्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात कोकणातून थर्मोकोलचा डबा आला. किनाऱ्यावर एक डॉल्फिन मरून पडला होता. तिथल्या कोणी डॉक्टरनं उघडून पाहिला, कलेजीत किडे दिसले, आणि माया मॅडमचा आयुष्यभराचा अभ्यास या किड्यांचाच, म्हणून बर्फात घालून कलेजी नागपूरला धाडली. आता आम्ही समुद्र पाहिलेली माणसं तरी किती! सगळी प्रयोगशाळा त्या डब्याभोवती गोळा झाली.

भाऊंनी नेहमीसारखे हातमोजे काढले. नळीवर अंगठा ठेवला आणि थबकले. "बाई, हे नळी नाही, दगड हाये," ते म्हणाले. नळ्या इतक्या जाड झाल्या होत्या की सुरी करकर वाजत होती. दाबल्यावर किडे आले, पण आमच्या म्हशीच्या किड्यांसारखे नाही. लांबट, सडपातळ, आणि इतके, इतके की भाऊंचा हात मनगटापर्यंत त्यांत बुडाला. एवढं मोठं, मोकळ्या पाण्यात पोहणारं जनावर आतून असं भरलेलं! किळस आली की माझी जीभ जास्त चालते.

"जपा बरं, भाऊ!" मी म्हटलं. "समुद्राचा पाहुणा आहे. नागपुरात खोली शोधत असंल. तुमच्या कलेजीत भाड्यानं राहाले येईल!"

सगळे खदखदून हसले. भाऊ नाही हसले. ते आपल्या अंगठ्याकडे पाहत होते. अंगठ्याला आदल्या दिवशीचा सुरीचा चिरा होता, आणि तो चिरा त्या घाणीत बुडून ओला झाला होता. मला ते दिसलं होतं, खोटं कशाला बोलू. मी चहा सांगायला निघून गेले.

आम्हा कोणाला माहीत नव्हतं ते असं, की उन्हाळ्यापासून भाऊंच्या उजव्या बरगडीखाली दुखत होतं. मधूनच ताप यायचा, जायचा. अंगमेहनतीचं दुखणं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना ते दुखणं आठवलं, आणि मग ते विसरता येईना. दुखणं आधीचं, डबा नंतरचा, एवढा साधा हिशेब भ्यालेल्या माणसाला सुचत नाही.

चार दिवसांनी त्यांनी माया मॅडमना विचारलं, "मॅडम, हा समुद्राचा किडा माणसाले लागते का?" मॅडम सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "याचं सगळं जीवनचक्र अजून कोणालाच नीट माहीत नाही, शालिकराम. बहुतेक मासे खाऊनच तो डॉल्फिनच्या पोटात जातो." खरं तेच बोलल्या बिचाऱ्या. पण भाऊंनी त्यातलं फक्त 'कोणालाच माहीत नाही' एवढंच घरी नेलं.

तिथून पुढे भाऊ बदलले. दोन-दोन हातमोजे एकावर एक चढवू लागले. काम झालं की हात फिनाईलनं धुवायचे, एकदा, दोनदा, पाचदा. दिवाळीपर्यंत बोटांची कातडी फाटून रक्त यायला लागलं. आमच्यात चहाला बसेनात. कप वेगळा, तो स्वतः विसळून खिडकीत पालथा घालायचे. मी म्हटलं, "काय गा भाऊ, रिटायरमेंट जवळ आली तं आता नखरे सुरू झाले?" त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, माणसाला म्हातारपणी सोवळं सुचलं. आग लागो माझ्या अकलेला.

भाऊंचं घर झिंगाबाई टाकळीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा रोहित हिंगण्याला कंपनीत, पाळ्यांची नोकरी. सून गोपिका, आणि नात भूमिका, सहा वर्षांची, पहिलीतली. ही पोट्टी म्हणजे भाऊंचा जीव. संध्याकाळी ते घरी आले की आधी आंघोळ, आणि मग ती त्यांच्या मांडीवर, ती थेट जेवणापर्यंत.

भाऊंचा धाकटा भाऊ मुकुंद खाप्याच्या पुढच्या एका खेड्यात तळ्यात शिंगाडे लावतो. दसऱ्यापासून त्याची थैली बसनं यायची, दर आठवड्याला. ओले, हिरवे, ताजे. मलाही वाटा मिळायचा. मला कच्चा शिंगाडा पचपचीत लागतो, म्हणून मी मीठ घालून उकडते. पण भाऊंचं म्हणणं, शिंगाडा खावा तर कच्चा. समोरच्या दातांनी दोन्ही शिंगं तोडायची, साल चरकन फाडायची, आणि आतला पांढरा गर नातीच्या हातावर ठेवायचा. मुकुंदपासून सगळे तसेच खात आले. त्यांच्यात कोणी शिंगाड्याला सुरी लावली तर हसतील.

त्या वर्षी भाऊंनी नातीला मांडीवर घेणं बंद केलं. अंथरूण बाहेरच्या पडवीत टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. पोरगी धावत आली की दोन्ही हात मागे घ्यायचे आणि ओरडायचे, "दूर राय वं! दूर!" ती पहिल्यांदा हसली, खेळ वाटला तिला. मग रडली. मग येईनाशी झाली.

गोपिका एक दिवस माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "कामिनीताई, माझ्या हातून काही चुकलं का वं? बाबा घरात पाय ठेवत नाई. पोरीले हात लावू देत नाई. रोहितनं विचारलं तं म्हणते, काही नाई."

मी गेले विचारायला. भाऊ पडवीत बसले होते. पुढ्यात शिंगाड्यांची थैली. एकेक शिंगाडा नळाखाली धुवून पितळेच्या वाटीत टाकत होते. या वर्षी दातानं सोलत नव्हते. वाटी भरली की उंबरठ्यावर ठेवली, चार पावलं मागे सरले आणि हाक मारली, "भूमिका, घे वं माय, तुहे शिंगाडे." पोरगी आतून आली, वाटी उचलली, आजोबाकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. आत बसून तिनं स्वतःच्या इवल्या दातांनी साल फाडलेली मला ऐकू आली.

"हे काय चाललं आहे, भाऊ?" मी विचारलं.

"काही नाई, बाई."

"काही नाही कसं? लेकरू झुरून राहिलं!"

"झुरू द्या," ते म्हणाले. "जिवंत तं राहील."

मला ते वाक्य तेव्हाच धरायला हवं होतं. मी धरलं नाही. मला संताप आला आणि मी तरातरा निघून आले.

संक्रांतीनंतर भूमिकाला ताप आला. चार दिवस झाले, आठ झाले, उतरेना. डेंग्यू नाही, टायफॉईड नाही. जेवण बंद, पोटात उजवीकडे दुखतं म्हणून रात्रंदिवस कण्हणं. लेकरांच्या दवाखान्यात भरती केलं. अकराव्या दिवशी गोपिकाचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणते, कलेजीवर डाग हायेत. रक्तात कोणत्या तरी पांढऱ्या पेशी लय वाढल्या. कॅन्सर असंल का वं?"

कोणत्या पेशी, ते मी तिच्याकडून रिपोर्ट वाचून घेतलं. अंगात किडा हिंडत असला की त्याच पेशी वाढतात. वीस वर्षं मी तेच मोजत आले.

मी फोन ठेवला तर प्रयोगशाळेच्या दारात भाऊ. आत येईनात. बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून. मी जवळ गेले तर दोन पावलं मागे सरले.

"कामिनीबाई," ते म्हणाले, "म्या पोरीले मारलं."

आणि मग चार महिने कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. अंगठ्याचा चिरा, बरगडीखालचं दुखणं, मॅडमचं उत्तर. "डोळे मिटले का तो डॉल्फिन दिसते, बाई. त्याच्या नळ्या दिसते. वाटते, माह्याही आत तसंच भरून राहिलं. कोणाले सांगू? सांगितलं तं रोहितच्या घरचं पाणी कोणी पिलं नसतं. म्हणून म्या दूर राहिलो. ताट वेगळं केलं, हात नाही लावला, तिचा गालगुच्चा नाही घेतला. एवढं करूनही गेला तिच्यात. कुठून गेला, बाई? काय राहिलं होतं करायचं?"

साठीला आलेला माणूस लिंबाखाली उभा राहून मला उत्तर मागत होता. आणि भाड्याच्या खोलीचा विनोद कोणी केला होता? मी. मला तिथल्या तिथे जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. शेतकऱ्यांना म्हशीचं शेण आणायला आम्ही देतो, तीच प्लास्टिकची बाटली मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "लाजू नका. तुमचं आणा. आत्ता."

तासाभरात नमुना तयार करून मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्या दिवशी भिंग लवकर जुळेना. पहिल्या दोन काचांत काही नाही. तिसरीत एक अंडं दिसलं. मोठं, लांबगोल, सोनेरी पिवळं, एका टोकाला झाकण. मी उठले, शेजारच्या सूक्ष्मदर्शकात सप्टेंबरची डॉल्फिनची काच लावली. ती अंडी लहान, आणि कोन असलेली, तिकोनी. दोन्ही पुन्हापुन्हा पाहिली. मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

"या, भाऊ," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः पाहा."

ते येईनात. मी मनगट धरून ओढत आणलं. चार महिन्यांत त्यांना पहिल्यांदा कोणी तरी हात लावला होता. ते दचकले.

"इकडे समुद्राचा. पाहिला? तिकोनी. आता इकडे पाहा, हे तुमच्या पोटातलं. कधी पाहिलं आहे का असं?"

भाऊंनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "हे तं आपल्या म्हशीचं," ते पुटपुटले.

"हाव! म्हशीचं! त्या डॉल्फिननं तुम्हाले काही केलं नाही. आणि हा किडा हात लावून जात नाही, मांडीवर बसवून जात नाही, एका ताटात जेवून जात नाही. तुमच्या हातानं पोरीले काही झालं नाही, भाऊ."

त्यांनी खुर्ची धरली आणि खाली बसले. "माह्या हातानं नाही," ते म्हणाले. "नाही ना? खरं सांगा."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. कारण मग कशानं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे. तिथे तक्ता टांगलेला आहे. म्हैस, तिचं शेण, तळं, तळ्यातली गोगलगाय, आणि गोगलगाईतून निघून पाण्यातल्या झाडापाल्याला चिकटून बसणारे बारीक ठिपके. ते कच्चं ज्याच्या पोटात जाईल, त्याच्या कलेजीत किडा. शिकायला येणाऱ्या पोरांना हा तक्ता छडीनं दाखवायचं काम एकतीस वर्षं भाऊंचं. धूळही तेच पुसायचे. पण त्या तक्त्यात म्हैस होती, गवत होतं. शिंगाडा काढलेला नव्हता, आणि माणूसही नव्हता.

"मुकुंदच्या तळ्यात म्हशी बसते," भाऊ म्हणाले.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"दिवसभर बसते. म्या स्वतः पाहिल्या." मग आवाज अगदी बारीक झाला. "म्या वाटी भरून देत होतो, बाई. रोज. हात लावता येत नाही, तं एवढं तरी द्यावं म्हणून. इतर वर्षी ती चार-दोन खाये. यंदा वाटी भरून."

"तुम्ही धुवून देत होते, भाऊ."

"धुतल्यानं जाते का तो?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. नळाखाली धुवून तो सुटत नाही, आणि साल दातात धरली की थेट तोंडात.

मॅडमनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या डॉक्टरांनी औषधाची शोधाशोध सुरू केली, कारण म्हशीसाठी जे सहज मिळतं ते माणसासाठी सहज मिळत नाही. औषध मिळेपर्यंतचे चार दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. सगळं कळल्यावर रोहित बापाशी बोलला नाही. गोपिका बोलली, एवढंच म्हणाली, "बाबा, आधी सांगितलं असतं तं." भाऊ वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी डबा नेला तर उघडला नाही.

औषध आलं. भूमिकाला दिलं, भाऊंनाही दिलं. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, डाग जायला महिने लागतील, पुन्हा सोनोग्राफी करू, आत्ताच काही खात्रीनं सांगत नाही. पण पोरगी उठून बसली, आणि पहिला प्रश्न तिनं विचारला, "आबाजी कुठं हायेत?"

मी भाऊंना आत घेऊन गेले. ते पलंगापासून चार पावलांवर थांबले. सवय झाली होती. मी पाठीत हलकेच ढकललं तसे पुढे झाले आणि त्यांनी तो फाटका, फिनाईलनं खाल्लेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. भूमिकानं तो हात दोन्ही हातांनी धरून आपल्या गालाला लावला.

"आबाजी, तुम्ही आता माह्यावर नाराज नाही?"

"नाही वं माय. कधीच नव्हतो."

तिनं वॉर्डात इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "मेघाले बी इथंच आणलं का?"

"कोण मेघा?"

"माह्या बाकावरची. तिचं बी पोट दुखते. तिले बी ताप आला होता. शाळेतच येत नव्हती."

भाऊंचा हात तिच्या गालावर होता तिथेच थांबला. मी पाहत होते, त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

"भूमिका," त्यांनी हळूच विचारलं, "तू तिले काही खायले देत होती का?"

"हाव," ती म्हणाली. चांगलं काम केल्याचा आनंद होता तिच्या तोंडावर. "अर्धे शिंगाडे रोज शाळेत तिचे. तुम्हीच तं सांगितलं होतं, एकट्यानं खाऊ नये."

मला वाटलं हा माणूस आता कोसळतो. चार महिने जो कोणाला एक शब्द बोलला नाही, तो आताही तोंड मिटून बाकावर जाऊन बसला असता तर मी दोष दिला नसता. पण भाऊंनी नातीच्या कपाळावर ओठ टेकले, मेघाच्या घराची खूण विचारून घेतली आणि माझ्याकडे वळले. "कामिनीबाई, गाडी आणली हाये ना?"

मेघाचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत सापडलं. दार अर्धं उघडं होतं. आतून लेकराच्या कण्हण्याचा आवाज येत होता. मी गाडी उभी करेपर्यंत भाऊंनी कडी वाजवली. एक बाई पदराला हात पुसत बाहेर आली, जागरणानं डोळे खोल गेलेले.

"मी भूमिकाचा आजा," भाऊ म्हणाले. "तुमच्या पोरीले काय झालं, ते मले माहीत हाये. माह्याच शिंगाड्यानं झालं. आत येऊ का?"